विश्वस्तधर्म



या महिन्याच्या निरूपणाला ओवी किंवा अभंग न घेता एक शब्दच घेतला आहे. शब्द रोजच्या बोलण्यातला आहे : विश्वस्त. पूर्वी हा शब्द मोठमोठ्या देवस्थानांच्या कागदोपत्रीच भेटायचा. आता तसे राहिले नाही. पंढरीत, आळंदीत, देहूत, पैठणात, त्र्यंबकात जागोजाग फडांचे मठ झाले, दिंड्यांच्या धर्मशाळा झाल्या, त्यांच्या नोंदण्या झाल्या. गावोगावच्या सप्ताह मंडळांच्याही घटना लिहिल्या गेल्या. त्यामुळे गळ्यात तुळशीची माळ आणि नावापुढे 'विश्वस्त' अशी माणसे आपल्यात पुष्कळ झाली. हे पान वाचणाऱ्यांतही दहापाच असतीलच. त्यांतल्या कित्येकांपुढे एक दिवस कोणी कागद धरला, 'महाराज, इथे सही करा' म्हणाले, आणि यांनी 'रामकृष्णहरि' म्हणून सही ठोकली. ती सही कशावर केली, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आधी शब्द पाहू. श्वस् म्हणजे श्वास घेणे. त्याला 'वि' लागला की अर्थ होतो निर्धास्त होणे, भरवसा ठेवणे. शेतकरी बाई धर्मशाळेच्या पेटीत नोट टाकते आणि एक मोकळा श्वास सोडते, की आता हे देवाच्या कामी लागेल. तिने सोडलेला तो मोकळा श्वास ज्याच्या भरवशावर सोडला, तो विश्वस्त. दुसरा शब्द न्यास. नि आणि अस्, खाली ठेवणे. पूजेत आपण अंगन्यास करतो ना? मंत्र म्हणून हात एकेका अंगाला लावतो. न्यास झाल्यावर ते अंग पूजेपुरते आपले उरत नाही, देवाचे होते. पैशाचा न्यास झाला की पैशाचेही तसेच जाणावे.

दृष्टांत आपल्या घरचाच आहे. अखंड सप्ताहात वीणेचा पहारा असतो. वीणा जमिनीला टेकवायची नाही, मध्ये सोडून जायचे नाही, पुढचा येईपर्यंत उभे राहायचे. तो आला की त्याच्या गळ्यात वीणा द्यायची, एकमेकांच्या पाया पडायचे आणि बाजूला व्हायचे. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या पायावर सगळे डोके ठेवतात; म्हणून वीणा काही त्याच्या मालकीची होत नाही. घरी नेईन म्हणेल तर लोक हसतील. विश्वस्तपद हा असा पहारा आहे. मान आहे, उभे राहण्याचे कष्ट आहेत, मालकी मात्र नाही.

हे नवे शास्त्र नव्हे, बरं का. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यवहाराची, म्हणजे कज्जेखटल्याची, अठरा पदे सांगितली. पहिले ऋणाचे, आणि त्याच्यामागून लगेच निक्षेपाचे. निक्षेप म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली वस्तू. याज्ञवल्क्यांनी उपनिधीचे वेगळे प्रकरणच केले; उपनिधी म्हणजे मोहोर करून ठेवलेली, आत काय आहे ते न सांगितलेली ठेव. त्यांचा निर्णय फार न्यायाचा आहे. ठेव राजाने नेली, दैवाने गेली, चोराने नेली, तर सांभाळणाऱ्यावर दोष नाही. परंतु मागितली असता दिली नाही आणि मग बुडाली, तर भरून द्यावी लागेल, वर दंड. आणि स्वतःच्या इच्छेने ती वापरून त्यावर उपजीविका केली, तर दंड आणि वाढीसह परत. आजचा कायदा याच तीन पायऱ्यांवर उभा आहे : दैवाने गेले त्याला क्षमा, हलगर्जीने गेले त्याची भरपाई, स्वार्थाने गेले त्याला शिक्षा.

आता आजचा कायदा. १९५० साली मुंबई राज्याने सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा अधिनियम केला. २०१२ पासून त्याच्या नावात 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आले. देऊळ, मठ, धर्मशाळा, अन्नछत्र, शाळा, दवाखाना, लोकांसाठी आणि लोकांच्या पैशावर चालणारे सगळे त्याखाली येते. देखरेख धर्मादाय आयुक्तांची. कोणी म्हणेल, धर्माच्या कामात सरकारचा हात कशाला? हा प्रश्न याच अधिनियमावरून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९५४ साली निवाडा झाला. पूजाअर्चा, आचार, उपासना हे संप्रदायाचे. मालमत्तेचा कारभार मात्र कायद्याप्रमाणे. धर्मादाय आयुक्तालाच देवळाचा विश्वस्त नेमण्याची जी तरतूद होती, ती न्यायालयाने काढून टाकली. म्हणजे काकडा किती वाजता करायचा हे कायदा सांगत नाही. काकड्याच्या तुपाचे पैसे कुठे लिहिले, हे विचारतो.

आणखी एक गंमत आहे. कायद्याच्या दृष्टीने देवाला व्यक्तित्व आहे; त्याच्या नावाने जमीन असते, दावा चालतो. १९२५ साली विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलनेसुद्धा हे मान्य केले. पण न्यायालये देवाला धरतात अज्ञान बालकासारखा. त्याला सही करता येत नाही, कचेरीत जाता येत नाही, म्हणून त्याचे पालक त्याच्या वतीने वागतात. अहो, ज्याला आपण जन्मभर माउली म्हणून हाक मारली, तो कोर्टात लेकरू ठरला! मग माउली कोण झाले? सही करणारे तुम्ही. आईने पोराच्या वाटणीचे दूध पिऊन टाकले तर तिला काय म्हणावे?

विश्वस्ताने काय करावे

कलमांची यादी वाचून कोणाला झोप आणावयाची नाही. मुख्य गोष्टी सांगतो.

न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज करावा. विश्वस्त बदलला, कोणी वैकुंठवासी झाले, पत्ता किंवा मालमत्ता बदलली, तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा. हे दुसरे काम आपल्यात सर्रास राहते. महाराज गेले, पुण्यतिथ्या थाटात झाल्या, पण कचेरीतल्या नोंदीत महाराज अजून विश्वस्तच! पुढे चौघांतले तिघे जातात, एक उरतो तो अंथरुणाला खिळतो, आणि मग बँक विचारते, सही कोणाची? दोन गट उभे राहतात, खाते अडकते, अन्नछत्राची चूल बंद पडते. एका अर्जाच्या आळसाने पंगत उपाशी राहिली, तर त्याचा दोष कोणाकडे जातो याचा विचार करावा.

जमाखर्च रोजचा रोज लिहावा. वर्षाला हिशेब तपासनिसाकडून तपासून घ्यावा. तपासनीस काय पाहतो? बेकायदा, अनियमित किंवा गैर खर्च झाला का, येणे वसूल करायचे राहिले का, मालमत्ता वाया गेली का. तसे आढळले तर ते लिहिण्याचे त्याच्यावर बंधन आहे. त्याला 'जरा सांभाळून घ्या' म्हणू नये. तो आपला वैरी नव्हे. वैद्याने नाडी पाहून खरे सांगू नये, असे कोणता रोगी म्हणेल?

न्यासाची जमीन किंवा इमारत विकणे, बदलणे, बक्षीस देणे हे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून होत नाही. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त, आणि इतर जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरी मंजुरी लागते. हे कलम ३६. क्षेत्राच्या गावी जागांचे भाव काय झाले ते तुम्ही पाहता. आजोबांनी चंद्रभागेजवळ वारकऱ्यांना पाठ टेकायला म्हणून दिलेली चार खणांची जागा. तिच्यावर आज कोणाकोणाची नजर असते! 'महाराज, इथे दुकाने काढू, वर तुम्हाला हॉल बांधून देऊ.' हॉल होतो, दुकानेही होतात. आषाढीला ओल्या धोतराने आलेला वारकरी मात्र फुटपाथवर झोपतो. मंजुरी मागताना हे विचारले जाते, की हा व्यवहार न्यासाच्या हिताचा आहे का. ते कचेरीने विचारण्यापूर्वी आपण विचारावे.

न्यासाचे पैसे कुठेही ठेवता येत नाहीत. अनुसूचित बँक, पोस्टाची बचत बँक, मान्यता असलेली सहकारी बँक, सरकारी रोखे, अशा ठरलेल्या जागी ठेवावे. दोन टक्के व्याज जास्त म्हणून ओळखीच्या पतसंस्थेत ठेवू नयेत. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा नाही. बँकेत आहे, तोही २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत. पतसंस्था बुडाली तर 'आमचा हेतू चांगला होता' हे उत्तर अपुरे पडते. जिथे ठेवायला मनाई, तिथे ठेवून गेलेला पैसा दैवाने गेला असे म्हणता येत नाही.

न्यासासाठी कर्ज काढायचे तर मंजुरी घ्यावी. न्यासातून स्वतःसाठी उचल तर घेऊच नये, चार दिवसांकरितासुद्धा नाही. देणगीची पावती द्यावी, अनुक्रमांकाची द्यावी. दोन हजारांच्या वरची देणगी रोखीने दिली तर दात्याला आयकरात सवलत मिळत नाही, हे त्याला आधी सांगावे. परदेशात आपली पुष्कळ मुले आहेत, ती प्रेमाने पैसे पाठवतात. ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले, त्याची देणगी कायद्याने परदेशी ठरते. त्यासाठी २०१० च्या कायद्याची वेगळी नोंदणी आणि दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत वेगळे खाते लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवले तर ते परदेशी धरत नाहीत. पैसा घेण्यापूर्वी एवढी चौकशी करावी.

हे न केले तर? विश्वस्ताच्या ढळढळीत हलगर्जीने किंवा विश्वासभंगाने न्यासाचे नुकसान झाले, तर ते त्याच्या खिशातून भरून घेण्याचा आदेश होऊ शकतो. वारंवार हिशेब न देणारा, कायदेशीर आदेश न पाळणारा, कर्तव्य टाळणारा विश्वस्त पदावरून दूर केला जाऊ शकतो. आणि पैसा खाल्ला तर तो फौजदारी विश्वासघात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचे कलम ३१६ आहे. भीती घालावी म्हणून हे सांगत नाही. पण नदीत उतरणाऱ्याला पाणी किती आहे ते सांगावे लागते.

एक शंका

येथे कोणी शंका घेईल : 'महाराज, आम्ही सेवा करतो. एक पै घेत नाही. उलट पदरचे घालतो. मग हा जाच आम्हाला कशाला?'

याचे उत्तर पैठणच्या नाथ महाराजांपाशी आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबाचे काम नाथांकडे होते. एकदा हिशेबात एका पैचा मेळ बसेना. रात्र सरत आली, समईतले तेल संपत आले, नाथ मान खाली घालून आकडे तपासत बसले. पहाटेला चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, आणि म्हणाले की एका पैच्या चुकीचा शोध लागल्याचा एवढा आनंद, तर अशीच तन्मयता भगवंताकडे लागली म्हणजे काय होईल! ही कथा आपण एकाग्रतेसाठी सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण तिला दुसरे अंग आहे. नाथांनी ती पै खाल्ली नव्हती. पदरची एक पै टाकून हिशेब जुळवून झोपता आले असते. तसे का केले नाही? कारण पदरची पै टाकली की रक्कम जुळते, सत्य जुळत नाही. पै परक्याची होती आणि ती कुठे आहे हे सांगण्याची जबाबदारी यांची होती.

म्हणून 'मी खात नाही' एवढ्याने विश्वस्तधर्म पुरा होत नाही. न खाणे ही पहिली पायरी झाली. कुठे आहे ते सांगता येणे ही दुसरी. ज्या कामासाठी दिले त्याच कामी लावणे ही तिसरी, आणि तीच चढायला अवघड.

समजा, एका म्हातारीने सुनेच्या नकळत, बकऱ्या विकून, दहा हजार रुपये मठात कायम ठेव म्हणून दिले. नवऱ्याच्या तिथीला व्याजातून पाच वारकऱ्यांना जेवण घालावे, एवढीच इच्छा. पुढे मठाची न्हाणीघरे मोडली. विश्वस्तांनी ठेव मोडून न्हाणीघरे बांधली. कोणी एक पैसा खाल्ला नाही, न्हाणीघरेही वारकऱ्यांच्याच उपयोगाची. आता ती म्हातारी तिथीला आली. ओसरीवर बसून पंगत कधी मांडतात त्याची वाट पाहते. सांगा, तिला काय सांगाल? न्हाणीघर दाखवाल? तिच्या दृष्टीने तिचा धनी त्या दिवशी उपाशी राहिला. इथे कायदा आणि संतांचे मत एक आहे : विशिष्ट कामाला दिलेला पैसा त्याच कामाचा. व्याज घटले, पाच पाने होत नाहीत, तर तिला प्रामाणिकपणे सांगावे, 'आई, आता दोन पाने होतात.' ती राजी होईल. न सांगता केलेला चांगला खर्चही विश्वासभंगच आहे.

दामाजींचे काय?

याच्यावर अभ्यासू श्रोता उठून उभा राहील. 'महाराज, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी काय केले? बेदरच्या बादशहाचा अंमलदार, कोठार बादशहाचे. दुष्काळ पडला तेव्हा विचारल्यावाचून कोठारे उघडली. मग ते संत, आणि न्हाणीघरे बांधणारे आम्ही दोषी कसे?'

शंका उत्तम आहे. नीट पाहा. दामाजींनी धान्य वाटले ते उघड वाटले, वहीत खाडाखोड करून नव्हे. काय होणार हे त्यांना माहीत होते; डोके देण्याची तयारी ठेवून वाटले. बोलावणे आले तेव्हा 'मला ठाऊक नाही, कारकुनाला विचारा' असे म्हणाले नाहीत. पुढची कथा तर ध्यानात धरण्यासारखी आहे. पांडुरंग विठू महाराच्या रूपाने बेदरला गेला. देव होता, बादशहाची बुद्धी फिरवू शकला असता. तसे केले नाही. धान्याची पुरती किंमत मोजून दिली आणि पावती घेतली! ती पावती दामाजींच्या पोथीत आणून ठेवली, असे परंपरा सांगते. ज्याला जगाचा हिशेब पाठ, त्याने पावती घेतली, आणि आम्ही म्हणतो, 'देवाच्या कामाला पावती कशाला?' भक्ताने दया केली म्हणून मालकाचे नुकसान देवाने तसेच ठेवले नाही.

तेव्हा दामाजींचे नाव घेऊन कोणी नियम मोडायचा असेल, तर उघड मोडावा आणि भरपाईला स्वतः उभे राहावे. आज तेवढी गरजही नाही. न्यासाच्या उद्देशाबद्दल किंवा खर्चाबद्दल पेच पडला, तर विश्वस्ताला न्यायालयाकडे अर्ज करून सल्ला आणि निर्देश मागण्याची सोय कायद्यात ठेवली आहे. विचारण्यात कमीपणा नाही.

उदारपणाची मर्यादा तुकोबारायांनी किती सुंदर दाखवली! घरची सावकारी होती. कर्जखते इंद्रायणीत बुडवायला निघाले, तेव्हा धाकटे बंधू कान्होबा यांनी आपला संसार पुढे केला. तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. कान्होबांची अर्धी त्यांच्या हाती दिली, आपल्या अर्ध्या डोहात सोडल्या. एवढे वैराग्य पेटले होते, पण त्या वैराग्यात भावाचा एक कागद बुडाला नाही. स्वतःचे सर्वस्व द्यावे. दुसऱ्याच्या वाट्याचा चिटोराही देऊ नये. विश्वस्तांच्या बैठकीच्या खोलीत लिहून लावावा असा हा प्रसंग आहे.

गप्प बसणाऱ्याचा वाटा

आता ज्यासाठी हे निरूपण मांडले, तिकडे येतो. खाणारा विश्वस्त क्वचित असतो. गप्प बसणारे पुष्कळ असतात. बैठकीत विषय निघतो : बांधकामाचा ठेका अध्यक्षांच्या जावयाला द्यायचा. सगळ्यांना कळते. एक जण खिडकीबाहेर पाहतो, एक जपमाळ ओढतो, एक म्हणतो, 'महाराज म्हणतील तसे.' ठराव 'सर्वानुमते' लिहिला जातो. आमच्या कीर्तनकारांचेही तेच, बरं का! विश्वस्ताच्या पाहुण्याचे कीर्तन दरसाल काल्याला, आणि बिदागी चौपट. कोणी बोलत नाही.

द्रौपदीला सभेत ओढून आणली तेव्हा भीष्मद्रोणांसारखे गप्प होते. तेव्हा विदुरांनी सभेला एक जुनी कथा ऐकवली. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि ब्राह्मण सुधन्वा यांच्यात वाद लागला, श्रेष्ठ कोण? दोघांनी प्राण पणाला लावले. निवाडा करायला गेले कोणाकडे? प्रल्हादाकडेच. एकीकडे पोटचा मुलगा, त्याचा प्राण, दुसरीकडे सत्य. प्रल्हादाने कश्यपांना विचारले, की जाणून जो उत्तर देत नाही किंवा खोटे देतो त्याची गती काय? कश्यपांनी सांगितले, जिथे निंद्य गोष्टीची निंदा होत नाही त्या सभेत पापाची वाटणी होते : अर्धे जो सभेचा प्रमुख त्याला, चौथाई करणाऱ्याला, आणि चौथाई गप्प बसलेल्या सभासदांना. प्रल्हाद मुलाकडे वळून म्हणाला, सुधन्वा तुझ्याहून श्रेष्ठ आहे. मुलाचा प्राण त्याने दुसऱ्याच्या हाती दिला. सुधन्वा त्या सत्याने प्रसन्न झाला आणि त्याने विरोचनाला जीवदान दिले.

हिशेब पाहा. करणाऱ्याला चौथाई, गप्प बसणाऱ्यांना तेवढेच, आणि अध्यक्षाला दोघांच्या बेरजेइतके! म्हणून अध्यक्ष होताना हार घालून घेण्याआधी हा वाटा आठवावा. कायदाही असेच म्हणतो. कारभार सर्व विश्वस्तांनी मिळून करायचा असतो; 'चिटणीस सगळे पाहतात, मला काही माहीत नाही' ही सबब चालत नाही. माहीत करून घेणे हेच तर कर्तव्य होते.

मग सज्जनाने काय करावे? भांडण करावे का? नाही. सोपी गोष्ट करावी. आपल्या नात्याचा, आपल्या फायद्याचा विषय आला की स्वतःहून सांगावे, 'हा माझा संबंधी आहे', आणि त्या चर्चेतून उठून बाहेर जावे. दुसऱ्याने तसे न केले तर नम्रपणे विचारावे. ठराव पटला नाही तर 'माझी संमती नाही' हे प्रोसिडिंगमध्ये लिहवून घ्यावे आणि ते लिहिले गेले का हे पुढच्या बैठकीत वाचून पाहावे. आवाज चढवावा लागत नाही. एक ओळ लागते. आणि कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर सही देऊ नये, सद्गुरूंनी मागितली तरी. खरे सद्गुरू मागणार नाहीत.

कोणी म्हणेल, 'इतके दिवस प्रेमाने एकत्र भजन केले. हिशेब विचारला तर प्रेम तुटेल.' अहो, हिशेबाने प्रेम तुटत नाही, संशयाने तुटते. दिंडीत भिशीचा हिशेब रोज मुक्कामाला सगळ्यांपुढे वाचतात तिथे बघा; कोणी कुजबुजत नाही. जिथे वही कुलपात, तिथे पालखीच्या वाटेवरही चौघे मागे राहून बोलत चालतात. वर्षातून एकदा, द्वादशीच्या पारण्यानंतर म्हणा, सगळ्या सभासदांपुढे जमाखर्च वाचून दाखवावा. अर्धा तास लागेल. कीर्तन अर्धा तास कमी केले तरी चालेल; हे कीर्तनकारच सांगतो आहे.

जे विश्वस्त नाहीत त्यांना

पेटीत रुपया टाकणाऱ्यांचेही कर्तव्य आहे. 'दिले, माझे पुण्य झाले, पुढे त्यांचे ते पाहतील,' हा अर्धा विचार झाला. पावती मागावी. कशासाठी देतो ते पावतीवर लिहवून घ्यावे. वार्षिक हिशेब पाहायला मागावा, गोड शब्दांत मागावा. फारच झाले, तर न्यासात हितसंबंध असलेले दोघे किंवा अधिक जण धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती घेऊन दावा लावू शकतात. पण तो शेवटचा उपाय. आधी जाऊन विचारावे. प्रामाणिक विश्वस्ताला विचारणारा माणूस भेटला की बरे वाटते. वर्षानुवर्षे तो एकटाच वही लिहीत असतो, आणि कोणी ती उघडून पाहत नाही, याचेही त्याला दुःख असते.

अशा विश्वस्तांना माझा साष्टांग नमस्कार आहे. आपल्या संप्रदायात ते पुष्कळ आहेत. निवृत्त शिक्षक, तालुक्याला चकरा मारणारे शेतकरी, ऐन आषाढीत सगळे दर्शनाला जात असता कोठीच्या दाराशी बसून डाळीची पोती मोजणाऱ्या माउल्या. त्यांना देवळाचा कळससुद्धा गर्दीतून लांबूनच दिसतो. त्यांची एकादशी कोठीत होते. पण माझी खात्री आहे, पांडुरंगाने कमरेवरचे हात खाली घेतले, तर ते पहिल्यांदा अशाच माणसाच्या पाठीवर ठेवील.

तेव्हा विश्वस्त हो, घरी जा आणि एवढे करा. न्यासाची घटना कपाटातून काढून एकदा संपूर्ण वाचा. पुष्कळांनी ती पाहिलीही नसेल. कचेरीतल्या नोंदीत आज जिवंत असलेल्यांचीच नावे आहेत का, ते पाहा. कायम ठेवींची यादी करा, प्रत्येकीपुढे दात्याची इच्छा लिहा आणि ती यंदा पुरी झाली का ते विचारा. पुढच्या बैठकीत जे बोलायचे राहून गेले आहे, ते बोला. नामस्मरण चालूच राहू द्या. हातात नाथांची लेखणी असली म्हणून मुखातले नाम काही थांबत नाही.

रामकृष्णहरि.